ड्रोनला बाहेरचा सेन्सर जोडताय? आधी तार तपासा, मग रेडिओ



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फ्लाइट कंट्रोलरला उंची मोजणारा लिडार सेन्सर जोडला. व्हिडिओत हात भरभर चालतात, म्हणून पायऱ्या इथे लिहून देतोय. वही-पेन घ्या.

ग्राहक पैसे कशाचे देतो?

कंट्रोलरमध्ये हवेचा दाब मोजून उंची सांगणारा बॅरोमीटर असतोच. पण तो उंची सांगतो ती उड्डाण केलेल्या जागेपासूनची. शेत उताराचं असेल तर वरच्या टोकाला ड्रोन पिकाच्या अगदी जवळ येतो आणि खालच्या टोकाला लांब जातो. लांब गेला की औषध वाऱ्यावर उडतं. खाली तोंड करून बसवलेला लिडार ड्रोन आणि पीक यांच्यातलं खरं अंतर सांगतो. ग्राहक पैसे देतो ते या भरवशाच्या आकड्यासाठी.

आकड्याचा प्रवास दोन टप्प्यांचा

पहिला टप्पा: सेन्सर ते कंट्रोलर, तारेतून. दुसरा टप्पा: कंट्रोलर ते लॅपटॉप, रेडिओतून. यालाच टेलिमेट्री म्हणतात. दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासायचे.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सगळं एकदम जोडलं. उंचीचा आकडा शून्य! मी रेडिओला दोष दिला आणि नवी जोडी विकत आणली. तरी शून्यच. शेवटी कळलं, सेन्सरच्या दोन तारा उलट्या होत्या. बॅटरीचा आकडा स्क्रीनवर नीट येत होता, म्हणजे रेडिओ ठणठणीत होता. हे तेव्हा लक्षातच आलं नाही. ग्राहक समोर खुर्ची टाकून बसलेला. मजुरी मागायची हिंमत झाली नाही.

जोडणी (पिक्सहॉक, आर्डूपायलट आणि टीएफमिनी लिडार)

१. पंखे काढून ठेवा. यात तडजोड नाही.
२. रेडिओ टेलिम १ ला, सेन्सर टेलिम २ ला. रेडिओला अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका.
३. सेन्सरची टीएक्स तार कंट्रोलरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. एक बोलतो, दुसरा ऐकतो. ग्राउंडला ग्राउंड. तारेच्या रंगावर जाऊ नका, माहितीपत्रक बघा.
४. सेन्सरला ५ व्होल्ट लागतात. पोर्टमधून मिळणारा करंट मर्यादित असतो. वेगळा बीईसी लावलात तरी ग्राउंड सामायिकच हवा.
५. मिशन प्लॅनरमध्ये सीरियल २ चा प्रोटोकॉल ९, बॉड ११५ आणि रेंजफाइंडर १ चा टाइप २० ठेवा. मग कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करा.

तपासणी

पहिल्या टप्प्यासाठी यूएसबी केबल लावा. स्टेटस टॅबमध्ये 'सोनाररेंज' शोधा. नाव सोनारचं असलं तरी लिडारचा आकडाही तिथेच दिसतो. टेप धरून एक, दोन, तीन मीटरवर भिंतीसमोर मोजा. आकडा जुळला की पहिला टप्पा पास.

मग यूएसबी काढा, ड्रोनला बॅटरी लावा आणि रेडिओवरून जोडा. सिक रेडिओचा बॉड सहसा ५७६०० असतो. कनेक्शनच होत नसेल तर दोन्ही रेडिओंचा नेट आयडी एकच आहे का बघा. बॅटरीचा आकडा येतो, पण उंचीचा नाही? मग परत तारेकडे या.

शेवटची चाचणी भर दुपारी, उघड्यावर घ्या. कडक उन्हात या सेन्सरचा पल्ला कमी होतो. वर्कशॉपमध्ये पास झालेला सेन्सर शेतात नापास होऊ शकतो.

धंद्याच्या दोन गोष्टी

रेडिओ घेताना फ्रिक्वेन्सी विचारा. ९१५ मेगाहर्ट्झचे संच बाजारात मिळतात, पण आपल्याकडे परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे. आणि टाइप सर्टिफिकेट असलेल्या ड्रोनला उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका.

दर सांगताना सेन्सरची किंमत आणि जोडणीची मजुरी एवढंच धरू नका. चाचणीचा अर्धा दिवस आणि शेतावरची एक फेरीही धरा. टेपचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी शेजारी लिहून तो कागद सही करून ग्राहकाला द्या. पुढच्या वेळी तो दुसऱ्या शेतकऱ्याला घेऊन येईल तो या कागदामुळेच.

गृहपाठ: एक आकडा सेन्सरपासून स्क्रीनपर्यंत कसा जातो, त्याचं चित्र वहीत काढा. कुठे कुठे अडकू शकतो, तिथे लाल खूण करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!