मृत्यूचे कारण आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

रुग्णाच्या प्रकृतीला उतार पडलेला असतो, दोन दिवसांत घरी सोडण्याचे ठरते आणि त्याच रात्री तो दगावतो. अशा वेळी नोंदीत पुष्कळदा 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' एवढेच शब्द येतात. वस्तुतः मरणाऱ्या प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते. ती मृत्यूची खूण होय, कारण नव्हे. कारणाचा शोध घेण्याचे भरवशाचे साधन म्हणजे शवविच्छेदन.

इटलीतील पाडुआ येथील मोर्गान्यी यांनी सुमारे ७०० शवविच्छेदनांचे निष्कर्ष १७६१ साली प्रसिद्ध करून रोगाचे मूळ अवयवांत दाखविले. १८५८ साली जर्मनीतील फिर्शो यांनी हा शोध पेशीपर्यंत नेला. आजची तपासणीही याच दोन पायऱ्यांनी चालते.

काही कारणे डोळ्यांनाच दिसतात. मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायातील शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकते आणि क्षणार्धात प्राण जातो. याउलट हृदयस्नायूचा दाह झाला असता हृदय वरून जवळजवळ निरोगी भासू शकते. म्हणून ऊतींचे लहान तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्यांचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप रंगवितात. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूंमध्ये शिरलेल्या दाहपेशी स्पष्ट दिसतात. विषपरीक्षेसाठीचा व्हिसेरा मात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवीत नाहीत. त्यासाठी सामान्यतः मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात.

आधुनिक यंत्रांमुळे हे सारे अनावश्यक ठरले काय? बोस्टनमधील एका रुग्णालयातील १९६०, १९७० व १९८० या वर्षांतील प्रत्येकी १०० शवविच्छेदनांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही वर्षांत सुमारे १० टक्के मृतांमध्ये असा रोग आढळला, की तो वेळीच कळला असता तर उपचार बदलून आयुष्य वाढण्याचा संभव होता. यंत्रे सुधारली, तरी हे प्रमाण घटले नाही.

अर्थात, शवविच्छेदनालाही मर्यादा आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या काही तासांतच मृत्यू आल्यास स्नायूतील बदल सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. काही वेळा कारण अनिर्णीतच राहते, आणि तसे प्रामाणिकपणे नमूद करणे हेच शास्त्र होय.

संशयास्पद वा अनैसर्गिक मृत्यूत पोलीस पंचनामा करून शव तपासणीस पाठवितात. तेथे नातेवाइकांच्या संमतीची अट नसते. रोगाच्या अभ्यासासाठी करावयाच्या शवविच्छेदनास मात्र ती आवश्यक असते. दुःखाच्या त्या घटकेला 'देहाची विटंबना होईल' ही भीती स्वाभाविक आहे. तपासणीनंतर देह शिवून अंत्यसंस्कारासाठी परत दिला जातो, हे गावातील जाणत्या माणसाने, शिक्षकाने वा पंचायत सदस्याने शांतपणे समजावून सांगावे. गेलेला माणूस परत येत नाही. परंतु त्याच्या मृत्यूचे खरे कारण कळल्यास आनुवंशिक हृदयरोगाच्या बाबतीत त्याच्या भावंडांची वेळीच तपासणी होऊ शकते, आणि पुढच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरही अधिक सावध होतात.