कडुनिंबाचं बी कुठलं? नर्सरी टाकण्याआधी विचारायचा प्रश्न



नांदेड-लातूरकडून सारखा येणारा प्रश्न : "सर, देशी झाडांची नर्सरी टाकायची आहे. धंदा चालेल का?" शेडनेट, पिशव्या, पाणी, मजुरी हे सगळं आपण व्हिडिओत पाहिलं. आज फक्त बियाण्यावर बोलू. कारण मोठ्या नर्सरीशी दरात तुम्ही टिकणार नाही, पण बियाण्यात टिकू शकता.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. १ जुलै २०१६ ला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, २०१९ मध्ये तो आकडा ३३ कोटींवर गेला. त्या काळात रोपांची संख्या विकली जायची. आता जंगल परत उभं करायचं काम करणाऱ्या संस्था आणि सीएसआरचा पैसा घालणाऱ्या कंपन्या दुसरा प्रश्न विचारू लागल्यात : तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडं उभी आहेत? जगलेल्या झाडांवर बिल निघणार असेल, तर रोप नुसतं हिरवंगार असून भागत नाही. ते आपल्या मातीत टिकणारं हवं.

ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. नांदेडकडे लाल कंधारी, लातूरकडे देवणी. रखरखत्या उन्हात औत ओढायला कुणी होल्स्टिन आणत नाही. गायीबैलांचं वाण आपण बघतो, ज्वारीचं बघतो, मग झाडाचं का नाही? कडुनिंब दिसायला सगळीकडे सारखाच, म्हणून आपण फसतो. पण जास्त पावसाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडाचं बी आणि औशाच्या मुरमाड माळावर तगलेल्या झाडाचं बी एकच नव्हे. मुळं किती लवकर खोल जातात, पानं कधी गळतात, पाणी किती जपून वापरलं जातं, यात फरक पडू शकतो. सागवानात हा फरक चांगला अभ्यासलेला आहे. वेगवेगळ्या मुलखांतलं बी शेजारी शेजारी लावलं, तर वाढ, खोडाचा सरळपणा, पानगळीची वेळ सगळं वेगळं निघतं.

आपल्याकडे बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. नांदेडहून वाहणारी गोदावरी तिकडेच जाते, पण हवा आपली नव्हे. ते किनाऱ्याजवळचं दमट हवामान. तिथली रोपं वाईट असं मी म्हणत नाही. बंगल्याच्या बागेला, ठिबकवर वाढणाऱ्या झाडाला ती चालतील. पाणी न घालता माळावर सोडायच्या झाडाला बी कुठलं हे माहीत असायलाच हवं, आणि ट्रकमधल्या रोपाबद्दल ते सहसा कुणी सांगू शकत नाही.

"स्थानिक" म्हणजे जिल्हा नव्हे

इथं बहुतेकांचा घोळ होतो. नांदेड जिल्ह्यातलं बी म्हणजे स्थानिक बी, असं नसतं. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, पाऊस जास्त आहे. लातूरला सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, बालाघाटची उथळ जमीन, आणि राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत त्याचं नाव. किनवटच्या दाट जंगलातलं बी अहमदपूरच्या खडकाळ माळावर नेलं, तर कागदावर ते शेजारच्या जिल्ह्यातलं, पण झाडाच्या दृष्टीनं परक्या मुलखातलं. पाऊस, मातीची खोली आणि उतार जुळतो का ते बघा. तालुक्याची हद्द झाडाला कळत नाही.

आणि एक सांगतो. प्रत्येक माळ म्हणजे उजाड जंगल नव्हे. काही माळ मुळातच गवताचे आहेत. तिथं दाट झाडी लावायची ऑर्डर आली, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. एक ऑर्डर जाईल, पण तिसऱ्या वर्षी मेलेल्या झाडांचा हिशेब तुमच्या नावावर लागणार नाही.

हवामान बदलतंय, मग जुनंच बी चालेल का?

आता खरा अवघड भाग. स्थानिक बी हे मागच्या शेकडो वर्षांच्या हवामानाला सरावलेलं असतं. तुम्ही आज लावलेलं झाड २०७५ च्या उन्हाळ्यातही उभं राहायचं आहे. मधल्या काळात काय झालं ते आपण पाहिलंय. २०१२, २०१४, २०१५, २०१८ असे दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात शेतं खरवडून नेणारा पाऊस. म्हणजे नुसता कोरडेपणा नाही, लहरीपणा वाढलाय.

म्हणून जगात आता "फक्त जवळचं बी" या नियमाला थोडी मुरड घालतात. बहुतेक बी जवळचं घ्यायचं, आणि काही हिस्सा अशा ठिकाणचा, जिथं आजच आपल्या उद्यासारखी हवा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही पद्धत मांडली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर कुठलं बी कुठं लावायचं याचे सरकारी नियमच हवामानावर बेतले आहेत.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? लातूरच्या माळासाठी काही बी सोलापूरच्या किंवा बीडमधल्या आष्टीच्या कोरड्या पट्ट्यातून आणा. किनवट-माहूरसाठी लांब जायची गरज नाही. त्याच डोंगरातल्या जास्त तापणाऱ्या, उथळ मातीच्या दक्षिण उतारावरची झाडं धरा, किंवा भोकर-हिमायतनगरकडची. ओढ्याकाठी लावायच्या अर्जुन सादड्यासाठी मांजरासारख्या मोठ्या नदीच्या काठापेक्षा लवकर आटणाऱ्या नाल्यावरचं झाड बरं. हिस्सा किती? मी शंभरात सत्तर-ऐंशी जवळचं आणि उरलेलं कोरड्या मुलखातलं असं सुचवेन. हा माझा व्यवहारी अंदाज आहे, शास्त्राचं सूत्र नव्हे. दोन्ही बियांचे वाफे मात्र वेगळे ठेवा आणि लावल्यावरही खूण ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी कोणतं बी टिकलं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या ऑर्डरीत वापरायची तुमची सगळ्यात मौल्यवान माहिती हातातून गेली.

आमच्याकडे बाहत्तरच्या दुष्काळात वाचलेला लिंब आहे, त्याचंच बी घेतो, असं काही जण अभिमानानं सांगतात. विचार चांगला आहे, पण आधी आजूबाजूला बघा. शेजारी विहीर किंवा पाझर असेल, तर झाड वाणामुळे वाचलं की ओलाव्यामुळे, हे कळत नाही. आणि एकाच झाडाचं बी कितीही चांगलं असलं तरी पुरत नाही. सगळी रोपं एकमेकांची भावंडं होतात. एक रोग आला की सगळी एकदम आडवी. पुढे त्यांचं आपसात परागीभवन झालं तर पुढची पिढी कमजोर निघते.

म्हणून किमान पंचवीस-तीस झाडं, एकमेकांपासून पन्नास ते शंभर मीटर लांब, आणि प्रत्येकाचं साधारण सारखं बी. रस्त्याच्या कडेला रांगेत लावलेली झाडं टाळा, त्यांचं मूळ बी कुठलं ते माहीत नसतं. एकटं उभं असलेलं झाडही शक्यतो नको. आणि कुठल्याही झाडाखालचं सगळं बी झाडून नेऊ नका, खारी-पाखरांचाही त्यावर हक्क आहे.

"सर, तीस झाडं फिरायला परवडत नाही." चला, हिशेब करू. समजा कडुनिंबाची १०,००० रोपं करायची आहेत. शंभरात साठ बिया उगवतात, आणि उगवलेल्यांतली वीस टक्के रोपं नर्सरीत जातात असं धरा. म्हणजे साधारण २१,००० बिया लागतील. तुमच्या मोजणीत किलोला ४,००० बिया भरल्या, तर सव्वापाच किलो. दोन-चार झाडांखालून हे बी दोन बायका एका दिवसात गोळा करतील. तीस झाडं फिरायला तीन दिवस धरा. मजुरी ४०० रुपये धरली, तर ८०० ऐवजी २,४०० रुपये. फरक १,६०० रुपयांचा, म्हणजे रोपामागे सोळा पैसे. पिशवी, माती आणि पाण्याच्या खर्चापुढे हे काहीच नाही. गाडीखर्च धरून दुप्पट झाला तरी बत्तीस पैसे.

उगवण चाचणी तुम्हाला येतेच. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढा गोंधळ झाला, आठवतंय ना? तेव्हापासून गोणपाटावर शंभर बिया भिजवून बघायची सवय अनेकांना लागली. कडुनिंबाचीही तशीच चाचणी घ्या. फक्त हे बी साठवू नका. साध्या साठवणीत काही आठवड्यांत त्याची उगवण घसरते. मोहाचंही तसंच. बाजारात निंबोळी पेंडीसाठी मिळणारी निंबोळी पेरणीला घेऊ नका. धावड्याचं बी पोतंभर मिळतं, पण बरंचसं पोकळ असतं. पन्नास बिया नेलकटरनं कापून आत गर आहे का ते बघा, मगच भाव ठरवा.

आता विक्री. प्रत्येक वाफ्याला आणि प्रत्येक डिलिव्हरीला चिठ्ठी लावा : "कडुनिंब. ता. औसा, मुरमाड माळ. ३२ झाडं. गोळा केलं १२ जुलै. उगवण ६४." एवढंच. चार-दोन रुपये जास्त दर मागताना तुमच्या हातात बोलायला हीच चिठ्ठी असेल. युरोपातल्या बाजारात तर बियाण्याचा स्रोत नोंदलेला नसेल तर वनरोप विकायलाच अडचण येते. आपल्याकडे अजून कुणी सक्ती करत नाही, म्हणूनच आधी करणाऱ्याचा फायदा आहे.

परवानगीचं विसरू नका. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरून सुरुवात करा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा, देवराई असेल तर गावाला. वनजमिनीतून बी उचलायचं तर वन विभागाची परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ज्या गावांना सामूहिक हक्क मिळालेत, तिथं गौण वनोपजाचा हक्क ग्रामसभेचा आहे. किनवटकडच्या अशा गावांशी मला तर भागीदारीच योग्य वाटते : बी ते गोळा करतील, किलोमागे ठरलेला दर तुम्ही द्याल, आणि चिठ्ठीवर गावाचं नाव राहील.

वेळापत्रक असं धरा. हिवाळ्यात साग, खैर आणि बेहडा, उन्हाळ्यात अर्जुन आणि बाभूळ, मे-जूनमध्ये पळस, जून-जुलैत कडुनिंब आणि मोह. साल कसं गेलं त्यावर पंधरा-वीस दिवस मागेपुढे होतं. त्यामुळे आत्ताच एक वही घ्या, चांगली तीस झाडं हेरून ठेवा, आणि मोबाईलवर प्रत्येकाचं लोकेशन सेव्ह करा. अंजन ठेवायचा विचार असेल तर दोन-तीन ठिकाणं जास्तच बघून ठेवा, कारण त्याला दरवर्षी भरपूर बी येत नाही.