सार्वजनिक वाटांचा कैवार

पायवाट, पाणंद, गायरान आणि डोंगरमाथा यांवर गावाचा रोजचा व्यवहार चालतो. शाळकरी मुले, सरपण आणणाऱ्या स्त्रिया, मेंढपाळ, गडावर जाणारे यात्रेकरू आणि गिर्यारोहक या साऱ्यांना त्यांची गरज असते. परंतु जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी समजूत बळावली की शेजारचा बांध हळूहळू सरकतो, वाट अरुंद होते आणि अखेर नांगराखाली जाते. मग पावसाळ्यात मुलांना लांबचा फेरा पडतो किंवा शाळा बुडते. अशा वाटेची बाजू मांडणारा कोणीतरी गावात असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सागरेश्वरचा धडा

सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाण यांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळ सागरेश्वरचे डोंगर आहेत. एके काळी ते उजाड होते. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तेथे पुन्हा वन उभे राहावे, असा ध्यास घेतला आणि त्याचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य घोषित झाले. सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरच्या या मानवनिर्मित वनात आज सांबर, चितळ व काळवीट वावरतात. डोंगर मोहिते यांच्या मालकीचा नव्हता. त्यांनी तो केवळ आपला मानला. सार्वजनिक जमिनीच्या रक्षणाचा आरंभ अशा आपलेपणातूनच होतो.

मर्यादांचे भान

वाटेचा कैवार घेणे म्हणजे मुक्त संचाराचा हट्ट धरणे नव्हे. सातारा जिल्ह्यात वासोट्यावर जाणाऱ्यास वनखात्याची परवानगी घेऊन, बामणोलीहून नावेने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो. कारण ती वाट कोयना अभयारण्यातून जाते. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली. त्यांत कोयना व चांदोली यांच्यासह कास पठाराचाही समावेश आहे. कासला फुलांच्या हंगामात येणाऱ्या पर्यटकांची व्यवस्था परिसरातील गावांच्या समित्या पाहतात. जमीन टिकली तरच वाट टिकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कायद्याचा आधार

केवळ तळमळ पुरेशी नसते. तिला दप्तराची जोड हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, इतर कोणाची मालकी नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा ही शासनाची मालमत्ता होय. गायरान म्हणून जमीन राखून ठेवण्याची तरतूद कलम २२ मध्ये, तर सरकारी जमिनीवरील अतिक्रमण दूर करण्याची तरतूद कलम ५० मध्ये आहे. शेताच्या बांधावरून वाट हवी असल्यास कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. विलंबाने हक्क गमावण्याचा संभव असतो, तो येथेच.

गावातील सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे दूर करण्याचे अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीस दिलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, ही बाबही पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावी.

प्रत्यक्ष काय करावे?

प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मिळवावी. गाव नमुना १-ब मधील सरकारी जमिनी आणि १-ई मधील अतिक्रमणांच्या नोंदी पाहाव्यात. नंतर वडीलधाऱ्या मंडळींना सोबत घेऊन प्रत्येक वाट चालून पाहावी व जेथे फरक आढळेल, तेथे खूण करावी. ही माहिती ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा. संबंधित शेतकऱ्याशी आधी सामोपचाराने बोलावे. तक्रार ही शेवटची पायरी असावी.

शिक्षकांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांसह नकाशा हाती घेऊन गावाची शिव फिरून पाहिल्यास भूगोलाचा पाठ तर होईलच, शिवाय त्या वाटांना उद्याचे राखणदारही लाभतील.