रंगमंचावरील आवाजाची जोपासना

सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा शब्द श्वासाच्या बळावरच प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. वसई-विरारमध्ये समुद्रवारा झेलणाऱ्या शाळांच्या पटांगणांत नाटक बसविताना हेच सूत्र उपयोगी पडते. ओरडल्याने घसा बसतो, शब्द मात्र दूर जात नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांस खांदे न उचलता, पोट व बरगड्या फुलवून श्वास घेण्यास आणि तो सावकाश सोडीत वाक्य पुरे करण्यास शिकवावे. मराठीत क्रियापद व नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. तेच गिळले गेल्यास अर्थ उलटतो. एकाने पटांगणाच्या टोकाशी उभे राहून प्रत्येक अंत्य शब्द पारखावा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय तपासणी अगत्याची आहे.