आधी दात बघ, मग पॅकेज घे

छोटे, त्या तपासणीच्या पॅकेजचे पैसे भरलेस का वं? नसशील भरले तर चार दिवस थांब. अन् भरले असशील तरी हे वाच, जावईबुवांनाही वाचून दाखव.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या दुर्गापूरच्या घरी मी आठ दिवस राहून आले ना. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं की टोक काळं. तुळशीची पानं धुतल्याशिवाय चहात टाकता येत नाहीत. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, तिकडे घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा आपलं चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथं आलं. शाळेत कधी एवढे पडले नव्हते आपल्याला!

पण म्हणून चौघांचे केस कापून पाठवायचे अन् बावीस धातूंचा रिपोर्ट मागवायचा? आमच्या नात्यातल्या एकीने हेच केलं. अर्धा कागद लाल होऊन आला, अन् सोबत त्याच दुकानाची ‘शरीर साफ करायची’ पावडर. तीन महिने तिने ती खाल्ली. केसांवर बाहेरची धूळ बसते, मेंदी लागते, शाम्पू लागतो; त्यातलं आतलं किती अन् बाहेरचं किती, हे कोण वेगळं करणार? बाईचे पैसे गेले ते गेले, पण झोपही गेली.

अन् शोधलं तर सापडतंच, हेही ध्यानात ठेव. २००५ साली अमेरिकेत दहा नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर सगळी मिळून २८७ रसायनं निघाली. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने पंजाबातल्या चार गावांतल्या वीस जणांचं रक्त तपासलं, त्यातही कीटकनाशकं होतीच. अशा तपासण्यांनी सरकारला जाब विचारता येतो, म्हणून त्या व्हायलाच हव्यात. पण एका घराने एकट्याने केली की हातात नुसता आकडा उरतो, अन् आई रात्रभर स्वतःलाच दोष देत बसते. ज्या तपासणीनंतर उद्या सकाळी काहीतरी बदलता येईल, ती आधी कर.

तुझ्या मोठ्या लेकाची शिशाची तपासणी कर, पण शिरेतून रक्त काढून. डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शोधायचं म्हणजे घरातच बघायचं: खिडकीचा पोपडे निघालेला जुना रंग, स्वस्तातला शेंदूर, शेजारी कोणी जुन्या बॅटऱ्या फोडतं का. फरशी कोरड्या झाडूने झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस, नाहीतर धूळ उडून पुन्हा त्याच्याच तोंडात जाते. त्याच सुईत हिमोग्लोबिनही बघून घे. अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, अन् आपल्या घराण्यात रक्त कमी असणं म्हणजे वारसाच. धुराडं काही आपल्याच्याने हलणार नाही, पण पालेभाजी, डाळ अन् गोळ्या तर हातातल्या आहेत.

आता मला खरं सांगायचंय ते माझ्या दातांचं. काहून मी फोटोत कधी तोंड उघडून हसत नाही, कधी विचारलंस का? समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी वाटायचं, नीट घासत नाही म्हणून. किती राख घासली! ते डाग आपल्या गावच्या बोअरचे. चंद्रपूर जिल्ह्यात कितीतरी गावांच्या पाण्यात फ्लोराईड आहे. ते कारखान्याचं नाही, खालच्या खडकातून पाण्यात उतरतं, अन् दात घडत असतात त्या वयात दातांवर लिहून जातं. तू झालीस तोवर नळ आला होता, म्हणून तुझे दात पांढरे. एकाच आईच्या दोघी लेकी, छोटे, अन् रिपोर्ट दोन.

बाबांचे गुडघे धरतात, पाठ वाकत नाही, ते नुसतं वय समजू नकोस. ते अजून बोअरचंच पाणी पितात, ‘नळाच्या पाण्याला चव नाही’ म्हणून. वर दिवसाला चार खर्रे. सुपारीत अन् तंबाखूतही फ्लोराईड असतं, हे त्यांना मी सांगून थकले. तुझं ऐकतात, तू सांग. त्यांची लघवी फ्लोराईडसाठी तपासून घेऊ. अन् आईला सांग, पाणी उकळून फ्लोराईड जात नाही; पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की दुसरं पाणी बघायचं. दुसरी सोयच नसली तर फार तर दीड.

राहिलं तुझ्या धाकट्या लेकीचं. ‘माझ्या दुधात विष असेल तर बंद करू का?’ असं विचारलंस, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आठवतं का, मलेरियावाले पंप घेऊन यायचे, भिंतीवर डीडीटीचे पांढरे ओघळ सोडून जायचे, अन् ते गेले की आई शेणामातीने भिंत सारवून टाकायची? शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झालं, मलेरियासाठी चालू राहिलं. ते चरबीत वर्षानुवर्षं बसून राहतं अन् थोडं दुधातूनही उतरतं. तुझ्यात असेल, माझ्यात असेल, आईत तर असेलच. तरी पाज. जगभरचे डॉक्टर हे सगळं माहीत असूनच पाजा म्हणतात, कारण दूध न मिळाल्याने बाळाचं जे नुकसान होतं ते त्याहून मोठं. ती रात्री तुझ्या कुशीत शिरते तेव्हा हिशोब करत बसू नकोस.

रविवारी मी गडचिरोलीहून गावी येतेय, तूही पोरांना घेऊन ये. ग्रामपंचायतीत पाणी तपासायचा किट असतो अन् तो वापरायचं शिक्षण गावातल्या बायांनाच दिलेलं असतं, त्यांच्याकडून आपल्यासमोर बघून घेऊ. पक्क्या आकड्यासाठी नमुना प्रयोगशाळेत देऊ. एकट्या आपल्या घराचा नको, बोअरवर येणाऱ्या सगळ्यांच्या नावाने देऊ. येताना रिकामी बाटली आण. काचेची नको, प्लास्टिकची. अन् घरून धुऊन आणलीस तरी बोअरच्याच पाण्याने तीनदा विसळायची आहे.