कुरसुफ आणि आजचा टॅम्पॉन

हदगावच्या शिवारात कापूस वेचणीला पहाटे गेलेली भगिनी सांजेला परतते. हैजच्या दिवसांत तिची किती कुचंबणा होत असेल, हे आपण पुरुष क्वचितच मनात आणतो. आता काही मुली टॅम्पॉन वापरू लागल्या आहेत आणि माता दबक्या आवाजात विचारतात: हे जायज आहे काय?

वस्तू नवी असली तरी रीत जुनी आहे. अशा कापसाला फिकहच्या ग्रंथांत 'कुरसुफ' म्हणतात. स्त्रिया तो डबीत घालून हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे पाठवीत. पांढरा स्राव दिसेपर्यंत पाकीची घाई करू नका, असे त्या सांगत. तेव्हा टॅम्पॉनने रक्त अडले म्हणजे पाकी आली, असे समजू नये.

कौमार्याची भीतीही नको. उडी मारल्याने वा हैजमुळे पडदा गेलेल्या मुलीला हनफी फकीहांनी कुमारीच मानले आहे. मात्र कापूस पूर्णपणे आत सारणे त्यांच्यापैकी काहींना मकरूह वाटले. म्हणून पॅडने भागत असेल तर पॅडच बरे.

टॅम्पॉन वापरणाऱ्या भगिनीने हात साबणाने धुवावेत, कमीत कमी शोषणारा प्रकार निवडावा, दोरी बाहेर ठेवावी. टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नसतो. 4 ते 8 तासांत तो बदलावाच. शेतातला दिवस त्याहून मोठा असतो, म्हणून साबण-पाणी सोबत न्यावे. एकाएकी ताप, उलटी, चक्कर वा लाल पुरळ आल्यास तो तत्काळ काढून दवाखाना गाठावा. हा आजार विरळ, पण जीवघेणा आहे. गुस्लपूर्वी शेवटचा टॅम्पॉन काढल्याची खात्री करावी.