संध्याकाळी साडेसहाला जाऊन बघा

डिमेंशिया झालेल्या माणसासाठी केंद्र बघायला लोक बहुधा सकाळी अकराच्या सुमाराला जातात. तोवर आंघोळी उरकलेल्या असतात, वेण्या घातलेल्या असतात, लाद्या पुसून वाळलेल्या असतात आणि संचालकांना बोलायला सवड असते. त्या वेळी कुठलंही केंद्र चांगलंच दिसतं. म्हणून मला कोणी विचारलं की मी पहिली गोष्ट हीच सांगते : एकदा तरी संध्याकाळी साडेसहा-सातला जा. दिवेलागणीला या आजाराची माणसं अस्वस्थ होतात. डॉक्टर त्याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. कोणी दाराशी जाऊन कडी हलवतं, कोणी रडतं, कोणी गेलेल्या नवऱ्याची वाट बघत बसतं. नेमक्या त्याच वेळी दिवसपाळीच्या बायका निघायच्या घाईत असतात आणि रात्रीच्या जेवणाची गडबड चाललेली असते. त्या तासाभरात तिथली माणसं कशी वागतात ते डोळ्यांनी बघा. बाकी सगळं त्यानंतर.

एवढा आग्रह का, तर आपलं माणूस आपल्याला काही सांगू शकत नाही. बालवाडीतलं पोरसुद्धा घरी येऊन बाई ओरडल्या एवढं सांगतं. स्मृतिभ्रंशाचं माणूस काल काय झालं ते विसरलेलं असतं, आणि आठवलं तरी शब्द सापडत नाहीत. सापडलेच तर ‘त्यांना भास होतात हो’ म्हणून ते बोलणं बाजूला सारता येतं. मग त्याच्या वतीने बोलायला राहतं काय? त्याचं वजन, त्याची कातडी, त्याची नखं आणि औषधांचा कागद. आम्ही हे शिकलो ते माझ्या मावशीमुळे.

मावशी मूळची सावंतवाडीकडची. लग्न केलं नाही, उभा जन्म मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. आजार वाढल्यावर आम्ही तिला पुण्याला आमच्याकडे आणलं. गॅस उघडा राहू लागला, पहाटे ड्यूटीला निघालेली मावशी कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने घरी आणून सोडली, रात्रीसाठी ठेवलेल्या ब्यूरोच्या बाया टिकेनात. शेवटी केंद्र शोधावं लागलं. यात मला कधी लाज वाटली नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना हा आजार आहे, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसांना. चोवीस तास दोन-तीन माणसं लागणारी ही सेवा दोन नोकऱ्यांच्या घराला झेपत नाही. ‘घरचं माणूस बाहेर ठेवलं’ असं म्हणणाऱ्यांपैकी रात्री दोनला मदतीला कोण येतं, ते आम्ही पाहिलं आहे.

पहिलं केंद्र शहराच्या कडेला, नव्या इमारतीत होतं. पुढे हिरवळ, आत फिजिओथेरपीची खोली, गणपतीपासून हळदीकुंकवापर्यंत प्रत्येक सणाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. भेटीची वेळ मात्र सकाळी एक तास आणि दुपारी एक तास, तीही खालच्या हॉलमध्ये. सुरुवातीला मावशी आम्हाला बघून उठायची, हाताला धरून दाराकडे ओढायची. मग हळूहळू शांत झाली. ‘आता छान अ‍ॅडजस्ट झाल्यात,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. पण ते शांत होणं वेगळं होतं. खुर्चीत ती डाव्या अंगाला कलून बसायची, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, बोलणं जड झालं होतं. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. आमच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट मागितली : रोज कुठली गोळी किती वाजता दिली जाते, तो कागद. तो मिळायलाच बरेच दिवस गेले. त्यात संध्याकाळचं क्वेटियापिन, म्हणजे मनोविकारांवरचं औषध, होतं. फोनवर विचारून सुरू केलेलं आणि मग दोनदा वाढवलेलं. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. कानाचं मशीन कपाटाच्या खणात पडून होतं, आतला सेल संपलेला. म्हणजे जिला ऐकूच येत नव्हतं अशी बाई हाकेला ओ देत नाही, हात झटकते, म्हणून ‘आक्रमक’ ठरली होती आणि तिला गुंगीत ठेवलं जात होतं.

क्वेटियापिनच्या गटातल्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली दिला. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर डॉक्टर देतात, कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, वरचेवर तपासून. पण कर्मचाऱ्यांना संध्याकाळ सोपी जावी म्हणून ती दिली जाता कामा नयेत. चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. मावशीची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवली, तेव्हा ती पुन्हा मान सरळ धरून बसायला लागली.

त्याच हॉलमध्ये एक आजी ओढणीने खुर्चीला बांधलेल्या मी पाहिल्या. ‘पडतात म्हणून’ हे उत्तर मिळालं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 97 याबाबत स्पष्ट आहे. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करूनच बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही आणि केवळ माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. त्यामुळे ‘तुमची नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. पुष्कळ ठिकाणं साध्या वृद्धाश्रमाच्या नावावर चालतात आणि डिमेंशियाची माणसं ठेवून घेतात. साधा वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी असतो, तिथल्या कर्मचाऱ्यांना या आजाराचं शिक्षण असेलच असं नाही.

यानंतर मावशीला घरी आणून आम्ही केंद्रं बघू लागलो ती वेगळ्या नजरेने. ‘स्टाफ किती?’ असं विचारणं सोडून दिलं, कारण त्यात स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर सगळे मोजले जातात. रात्री बारा वाजता जागं कोण असतं आणि ते किती जणांकडे बघतं, हे विचारायचं. आणि ऐकून थांबायचं नाही, हजेरीवही बघायला मागायची. वीस माणसांमागे रात्री दोन बायका असतील, तर त्या कितीही मायाळू असल्या तरी कोणाचं ओलं डायपर तीन वाजता बदललं जाणार नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलली जाणार नाही. पाठीला जखमा होतात त्या यातूनच. मी त्या बायकांना दोष देत नाही. बारा-बारा तासांची पाळी करून तुटपुंज्या पगारावर त्या जे करतात ते आपल्यातल्या अनेकांच्याने होणार नाही. म्हणूनच त्या किती दिवस टिकतात हेही विचारा. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील, तर आपल्या माणसाला ओळखीचं कोणीच राहत नाही.

संडास-बाथरूम आतून बघा. फरशी कोरडी आहे का, धरायला दांडा आहे का, कडी बाहेरून उघडता येते का, गरम पाण्याचा नळ कसा आहे. लघवीचा थोडा वास सकाळी कुठेही येईल, त्याने दचकू नका. दिवसभर फिनेलचा उग्र दर्प असेल तर मात्र जपून. तिथल्या रहिवाशांच्या पायांकडे आणि नखांकडे बघा, चष्म्याच्या काचांकडे बघा. चष्मा, कवळी, कानाचं मशीन ज्याचं त्याच्या अंगावर आहे की डब्यात, यावरून फार कळतं. जेवणाच्या वेळी थांबा. पोळी, भाजी, वरण, भात सगळं मिक्सरमधून एकत्र काढून सगळ्यांना सरसकट देतात, की ज्याला चावता येतं त्याला चावू देतात? भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने? घास गिळल्याशिवाय दुसरा घास पुढे करणं धोक्याचं असतं. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि या आजारात पुष्कळ माणसं त्यानेच जातात. शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालायची की हाताने सावकाश भरवत राहायचं, याबद्दल केंद्राचं धोरण आधी समजून घ्या. वाढलेल्या आजारात नळीने आयुष्य वाढत नाही, हाताने भरवणंच बरं, असं वृद्धांचे डॉक्टर सांगतात. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पुन्हा माणसं.

अचानक काही बिघडलं तर काय करतात, हेही विचारा. चालतं-बोलतं माणूस दोन दिवसांत भलतंच बरळायला लागलं, तर तो आजार वाढला असं समजायचं नसतं. पुष्कळदा लघवीचं इन्फेक्शन असतं, बद्धकोष्ठता असते, पाणी कमी पडलेलं असतं. ‘अशा वेळी आम्ही आधी लघवी तपासतो’ असं जे केंद्र आपणहून सांगेल, त्यांना काम कळतं.

मावशी आता आहे ते केंद्र एका जुन्या बंगल्यात आहे. भिंतींचे पोपडे निघालेत, माहितीपत्रक नाही. आम्ही साडेसहाला न सांगता गेलो. त्यांनी आत घेतलं, फक्त चपला काढून हात धुवायला सांगितले. सगळे दिवे लागलेले होते, कोपरे अंधारे नव्हते. तीन आज्या मेथी निवडत होत्या, त्यातली एक निवडलेली पानंसुद्धा देठांत टाकत होती आणि कोणी तिला टोकत नव्हतं. एक आजोबा पिशवी घेऊन दाराशी आले, ‘शेवटची एसटी जाईल’ म्हणाले. तिथली मुलगी त्यांना ‘हेच तुमचं घर, बसा’ म्हणाली नाही. तिने विचारलं, ‘आबा, कुठल्या गावाला? घरी कोण कोण आहे?’ आणि ते सांगू लागले तशी त्यांच्यासोबत व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पिशवी तिच्या हातात होती आणि आबा चहाचा कप घेऊन बसले होते. माझा निर्णय तिथेच झाला.

त्यांनी आम्हालाही पुष्कळ विचारलं. मावशीला न भेटता प्रवेश देणार नाही म्हणाले, घरी येऊन तिला पाहून गेले. तिला नावाने हाक मारलेली चालते का, आंघोळ सकाळची की संध्याकाळची, चहात साखर किती, नोकरी काय होती, कशाची भीती वाटते. सांगण्यापेक्षा विचारणारं केंद्र बरं, असं माझं ठाम मत आहे. भाषेचंही त्यांनी विचारलं. आजार वाढला की नंतर शिकलेल्या भाषा आधी मागे पडतात. मावशी हल्ली ‘माका घराक जावचा आसा’ एवढंच मालवणीत म्हणते, आणि तिथल्या एका कणकवलीच्या बाई तिला त्याच भाषेत उत्तर देतात. बाहेरच्या राज्यातल्या मुली चांगलं काम करतात, पण पाळीत निदान एक तरी आपली बोली कळणारी असावी.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात सांगते. आम्ही पाहिलेल्या ठिकाणी महिन्याला 30 ते 60 हजार सांगत. डायपर, औषधं, फिजिओ, रुग्णालयात सोबतीला जाणारं माणूस हे त्यात धरलंय का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं आणि कुठल्या कारणाने माणसाला परत न्यायला सांगू शकतात, हे करारात लिहून घ्या. अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार नसतील, तर ते आजच कळलेलं बरं. मुखत्यारपत्रावर विसंबू नका : लिहून देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते साधारणतः संपतं. तेव्हा बँकेची सोय निदान झाल्याबरोबर करा, पुढे पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वर चेहरा दाखवून मोबाइलवर होतो, त्याला केंद्र मदत करेल का विचारा. तक्रार करायची वेळ आलीच तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.

शक्य असेल तर आधी पंधरा-वीस दिवसांपुरतं ठेवून बघा. आणि प्रवेश झाल्यावर जाणं कमी करू नका. आम्ही भावंडं ठरवून निरनिराळ्या वेळी जातो. एकाने रविवारी सकाळी गेलं, तर दुसऱ्याने आडवारी रात्री आठला, पाळी बदलताना. तिथे गेल्यावर टाचा आणि माकडहाड बघायचं, औषधांच्या कागदाचा फोटो काढायचा, वजन विचारून वहीत लिहायचं. ते वजन दोन महिन्यांत जवळजवळ दोन किलोंनी उतरलेलं वहीत दिसलं, तेव्हा तिथल्या बाईंनी दंतवैद्य बोलावला. खालची दाढ किडून सुजली होती. मावशी तिथे बोट लावून दाखवूही शकत नव्हती. दाढ काढल्यावर आठवडाभरात ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली.